‘पास आऊट’ म्हणजे नक्की काय?

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहून द्यावे, असा संपादकांचा आग्रह झाला आणि त्यासोबत सभासद-सूचीचा छापील तक्ताही हाती आला. नाव, पत्ता, दूरध्वनी, विशेष अभ्यासाचा विषय आणि त्याच्या शेजारी ‘पास आऊट वर्ष’ असा एक रकाना. दर वेळी मी तेथे १९८१ असे लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. या वेळी मात्र लेखणी तेथेच अडखळली, आणि लेखाचा विषय त्या रकान्यातच सापडला.

आपल्यापैकी बहुतेकजण इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८७८ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे आणि १९४८ पासून महाविद्यालय म्हणून उभे असलेले हे आपले विद्यापीठच म्हणा ना! दोन डॉक्टर प्रथमच भेटले, की नमस्कारानंतरचा पहिला प्रश्न ‘आपण कधीचे पास आऊट?’ हाच असतो. उत्तरावरून कोण ज्येष्ठ, कोण कनिष्ठ आणि कोणी कोणाला ‘सर’ म्हणायचे, हे एका क्षणात ठरून जाते. हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे, की तो इंग्रजी आहे याचेही भान राहात नाही. आम्ही त्याचे नामही करून टाकले आहे. ‘मी एक्क्याऐंशीचा पास आऊट’ हे वाक्य मराठी की इंग्रजी, हे व्याकरणकारांनी ठरवावे.

भारताबाहेर, विशेषतः अमेरिकेत वाढलेल्या माणसाच्या तोंडी मात्र याच दोन शब्दांचा अर्थ अगदी वेगळा आहे. तेथे ‘पास आऊट’ होणे म्हणजे शुद्ध हरपून पडणे. अर्थांतील हे अंतर मला ज्या पद्धतीने कळले, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. गोष्ट माझ्या चुकीची आहे, आणि ती मी आजवर चार जवळच्या मित्रांपलीकडे कोणाला सांगितलेली नाही.

२०१४ च्या डिसेंबरातील एक सायंकाळ. आमच्या परिसरातील एक वृद्ध काकू आपल्या सतरा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा अमेरिकेत जन्मलेला, तेथेच वाढलेला. सुट्टीत आजीकडे आलेला. इकडचे खाणे-पाणी त्याला बाधले होते. दोन दिवस जुलाब आणि सकाळपासून उलट्या. डिसेंबरात असे दहा-बारा पाहुणे तरी प्रत्येकाच्या दवाखान्यात येतातच. मी पोट तपासले, जीभ पाहिली, आणि सवयीप्रमाणे पूर्वीच्या आजाराबद्दल विचारले. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आय पास्ड आऊट इन जून. ॲट स्कूल. इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी.”

जून महिना, शाळा, आणि सगळ्यांसमोर! माझ्या डोळ्यांपुढे काळे झगे, चौकोनी टोप्या आणि टाळ्या वाजविणारे पालक उभे राहिले. मी त्याचा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केले. काकूंचाही चेहरा फुलला. त्या म्हणाल्या, “हुशार आहे हो डॉक्टर, पहिल्यापासून.” मुलाने एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे पाहिले आणि मान खाली घातली. तो लाजला, असे मला वाटले. आपली थट्टा होते आहे असे त्याला वाटले होते, हे त्यानेच पुढे सांगितले. मी उलटी थांबण्यासाठी ऑनडॅनसेट्रॉन आणि जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिले, मीठ-साखर-पाणी घ्यायला सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

तिसऱ्या दिवशी गच्चीचा जिना धावत चढताना तो मुलगा कोसळला. मिनिटाच्या आतच शुद्धीवर आला, पण घरच्यांची गाळण उडाली. त्याला माझ्याकडे आणले तेव्हा तो पांढराफटक पडलेला, तरी पूर्ण सावध होता. काय झाले, असे मी विचारताच तो म्हणाला, “आय टोल्ड यू, डॉक्टर. आय पास्ड आऊट.”

त्या वाक्याने माझ्या अंगातले बळच गेले.

मग पुन्हा पहिल्यापासून सगळे विचारले. जूनमध्ये तो शाळेच्या मैदानावर शर्यतीत धावता धावता पडला होता. उन्हाने झाले असेल, असे म्हणून तेथे सोडून दिले होते. इकडे आजीला हे कोणी कळविलेच नव्हते. ‘पास आऊट’ म्हणजे तो पडला होता, हे काकूंच्या आत्ता लक्षात आले. त्या बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग आपल्या थोरल्या मुलाबद्दल बोलल्या. एकोणिसाव्या वर्षी तो नर्मदेत बुडाला होता. “पट्टीचा पोहणारा होता हो तो. कसा बुडाला, हे आम्हाला कधी कळलंच नाही.”

हृदयालेख काढला. दुरुस्त क्यू-टी अंतर पाचशे मिलिसेकंदांच्या पुढे होते. पुरुषांत ते साडेचारशेच्या आत असावे. मी दिलेली दोन्ही औषधे हे अंतर वाढविणारी, आणि जुलाबांनी पोटॅशियम घसरलेले. औषधे तात्काळ बंद केली, मुलाला हृदयरोगतज्ज्ञांच्या स्वाधीन केले. सगळे पूर्ववत झाल्यावर पुन्हा आलेख काढला, तरीही अंतर चारशे ऐंशीच्या खाली आले नाही. लाँग क्यू-टी सिंड्रोम. धावताना किंवा पोहताना भोवळ येणे आणि घरात तरुणपणी असा अनाकलनीय मृत्यू, ही त्याची ओळख आपण सर्वांनी पुस्तकांत वाचलेली असते. बीटा ब्लॉकर सुरू झाले, तिकडे गेल्यावर जनुकीय तपासणीही झाली, वडिलांचीही झाली. मुलगा आज सुखरूप आहे, नोकरी करतो आहे. त्याचे श्रेय माझे नाही.

या प्रसंगानंतर मी त्या दोन शब्दांच्या मागे लागलो. इंग्रजीत एखादे साधे क्रियापद घ्यायचे, त्याच्या मागे ‘आऊट’, ‘अप’, ‘ऑफ’, ‘डाऊन’ असे एखादे शेपूट जोडायचे, की अर्थ पार बदलून जातो. अशा जोडक्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकातून रूढ केले. ते त्यांना ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविले होते. त्याआधी एकशे सत्तर वर्षे, १७५५ साली, डॉ. जॉन्सन यांनी आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले होते, की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत अवघड जातात ती हीच क्रियापदे. आम्ही परकेच. आम्ही इंग्रजी शिकलो ते पाठ्यपुस्तकांतून, आणि पाठ्यपुस्तकांत ग्रीक व लॅटिन शब्दांची रेलचेल. ‘सिंकोपी’ आम्हाला झोपेतही कळते. रुग्ण मात्र कधीच ‘सिंकोपी’ म्हणत नाही.

आपला अर्थ चुकीचा आहे, असेही मला म्हणायचे नाही. इंग्रजांच्या लष्करात आणि पोलिसांत शिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला ‘पासिंग आऊट’ म्हणतात. डेहराडून आणि खडकवासल्याला दीक्षान्त संचलन होते, ते याच नावाने. आपण तो शब्द छावणीतून उचलून महाविद्यालयात आणला, एवढेच. त्यामुळे तो आपापसांत खुशाल वापरावा. परंतु अमेरिकन तरुणाला यातले काही माहीत नसते. त्याच्या ‘पास आऊट’मधला ‘आऊट’ हा दिवा मालवण्यातला ‘आऊट’ आहे. ‘ब्लॅक आऊट’ आणि मुष्टियुद्धातले ‘नॉक आऊट’ ही त्याचीच भावंडे. या अर्थी क्रियापदाला कर्म लागत नाही. माणूस आपला आपण ‘पास आऊट’ होतो. कर्म आले, की अर्थ पुन्हा पालटतो. कागद ‘पास आऊट’ केले म्हणजे ते वर्गात वाटले.

एवढ्यावरही भागत नाही. तिकडची मुले दिवसभर दमून अंथरुणावर पडल्या पडल्या झोपली तरी ‘पास आऊट’ झालो म्हणतात, आणि मद्याच्या अंमलाखाली पडली तरी तेच म्हणतात. म्हणजे अर्थ माहीत असणारा डॉक्टरही पुढचा प्रश्न विचारल्यावाचून निदानाकडे जाऊ शकत नाही. तू झोपलास, की पडलास? उभा होतास, की धावत होतास? पडण्याआधी काही जाणवले का, आणि जाग किती वेळात आली?

शेपूट बदलले तर काय होते, तेही पाहावे. ‘पास्ड अवे’ म्हणजे निवर्तले. अमेरिकेत तर शेपूट गाळून नुसते ‘पास्ड’ म्हटले तरी माणूस गेला असाच अर्थ होतो. आपल्याकडे ‘पास झाला’ म्हटले की पेढे वाटतात. आज आपल्यापैकी किती घरांत आईवडील येथे आणि मुले समुद्रापार आहेत! रात्री-अपरात्री त्यांना मोबाईलवर इंग्रजीतून निरोप धाडण्याचे काम पुष्कळदा शेजारी करतो, नाहीतर आपल्याच रुग्णालयातील एखादा कनिष्ठ कर्मचारी. अशा वेळी ‘आऊट’ आणि ‘अवे’ यांतल्या एका शब्दावर एका घराचा श्वास अडकलेला असतो. माझा तर आता दंडक आहे, की असा निरोप मराठीतच द्यायचा, आणि तोही फोनवर बोलून.

याच जातीची क्रियापदे आपल्या तपासणीच्या खोलीत किती आहेत, याचा मी त्या वर्षी शोध घेतला. ‘थ्रो अप’ म्हणजे उलटी होणे आपल्याला माहीत असते. ‘ब्रिंग अप’ म्हणजे मूल वाढविणे, चर्चेत विषय काढणे, आणि कफ किंवा रक्त पडणेही. ‘कम राऊंड’ म्हणजे भेटायला येणे, तसेच शुद्धीवर येणेही. ‘नॉक्ड अप’ या प्रयोगाने तर इंग्रज आणि अमेरिकन यांचीही आपापसांत फजिती होते. जुन्या इंग्रजाच्या तोंडी त्याचा अर्थ दार ठोठावून उठविलेला किंवा थकलेला, आणि अमेरिकनाच्या तोंडी, संकोचानेच लिहितो, विवाहापूर्वी दिवस गेलेली.

‘दिवस गेलेली’ असे लिहिले आणि स्वतःशीच हसलो. आपली मराठी तरी कोठे सोपी आहे? एक ‘जाणे’ हे क्रियापद घ्या. दिवस गेले म्हणजे बाई गरोदर. पाळी गेली म्हणजे ऋतुनिवृत्ती. डोळे गेले म्हणजे अंधत्व. अंगावरून वारे गेले म्हणजे पक्षाघात. शुद्ध गेली, भूक गेली, आणि शेवटी नुसतेच ‘गेले’. ‘येणे’ही तसेच. डोळे गेले ही आपत्ती, म्हणून डोळे आले हे सुख म्हणावे, तर तसेही नाही. आणि तोंड आले म्हणजे काय, हे परक्याने कसे ओळखावे? आपल्याच समाजातील एका तरुण सहकाऱ्याने, ज्याचे घर चार पिढ्या इंदुरात आणि शिक्षण सारे इंग्रजीत झाले, एका आजींच्या सुनेला ‘दिवस गेलेत’ हे ऐकून ‘कितने दिन?’ असे विचारले होते. उत्तर ‘दोन महिने’ असे आले, म्हणून निभावले. त्याला हसण्याचा अधिकार मला नाही. त्याने निदान पुढचा प्रश्न विचारला होता.

‘पास आऊट’ला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. भोवळ, घेरी, झीट, अंधारी, गरगरणे, शुद्ध हरपणे, मूर्च्छा. प्रत्येकाची छटा निराळी. गरगरले म्हणजे भोवतालचे फिरले, बहुधा कानाचा दोष. अंधारी आली म्हणजे उठताना रक्तदाब घसरला. झीट येऊन पडला म्हणजे शुद्ध गेली. चरकांनी सूत्रस्थानात मद, मूर्च्छा आणि संन्यास असे भेद केले. त्यांतील पहिली दोन वेग ओसरला की आपोआप शमतात आणि संन्यास औषधावाचून शमत नाही, असेही नोंदविले. आजच्या व्याख्येतही ‘सिंकोपी’ची खूण म्हणून आपोआप आणि पूर्णपणे शुद्धीवर येणे हेच सांगितले जाते. आपल्या आज्या हे भेद बोलण्यात पाळीत असत. आता इंदुरात आमच्या घराघरांतून या सगळ्यांच्या जागी एकच शब्द उरला आहे, चक्कर. आणि हिंदीच्या सहवासाने तोही पुल्लिंगी झाला आहे. ‘मला चक्कर आला’ हे ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. मला त्या लिंगभेदाचे फारसे दुःख नाही. एका शब्दाखाली चार आजार लपले, याचे आहे.

येथे कोणी तज्ज्ञ मला थांबवील, हे मी जाणतो. १९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट यांनी चकरेच्या तक्रारीचे चार प्रकार पाडले, आणि रुग्णाच्या शब्दावरून प्रकार ओळखण्याची पद्धत आपण सगळे शिकलो. पुढे २००७ साली न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील तातडीच्या विभागांतील रुग्णांना काही मिनिटांच्या अंतराने तेच पुन्हा विचारले, तेव्हा जवळपास निम्म्यांनी आपले उत्तर बदलले. मग शब्दाला एवढे महत्त्व कशाला? चक्कर कशाने येते आणि किती वेळ टिकते, हे विचारणे अधिक भरवशाचे, असा त्या अभ्यासानंतरचा रोख आहे, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. पण हे विचारण्यासाठी रुग्ण भोवळीबद्दल बोलतो आहे, एवढे तरी कळायला हवे. मला तेवढेही कळले नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे. रुग्णाची तक्रार आपण फार लवकर आपल्या भाषेत आणतो. तो बोलत असतानाच आपल्या डोक्यात त्याचे ‘सिंकोपी’, ‘व्हर्टिगो’, ‘डिस्पेप्सिया’ होऊन जाते, आणि केसपेपरवर उतरते ते आपले भाषांतर. भाषांतर चुकले, तर ते तपासण्यासाठी मूळ शब्द कोठेच उरलेला नसतो. २०१५ पासून मी केसपेपरच्या पहिल्या ओळीत रुग्णाचेच वाक्य अवतरणात लिहितो. मराठी, माळवी, हिंदी, इंग्रजी, जे असेल ते. निदान दुसऱ्या ओळीत. यास अर्धे मिनिट अधिक लागते. एम. वाय. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दी मी पाहिली आहे, तेथे अर्धे मिनिटही महाग असते, हे मला ठाऊक आहे. तरीही माझा आग्रह कायम आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला वैद्यकीय अभ्यासक्रमाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा आपल्या मंडळातही वाद रंगला होता. शरीररचनेचे शब्द इंग्रजी असावेत की हिंदी, यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलणे झाले. मला त्या वेळी राहून राहून वाटे, की रुग्ण ज्या क्रियापदांत बोलतो, ती यांपैकी कोणत्याच पुस्तकात नाहीत. आपली मुले पुढे मँचेस्टरला प्लॅबचा दुसरा भाग द्यायला जातात, किंवा अमेरिकेसाठी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टला बसतात. तेथे त्यांची खरी कसोटी मोठ्या शब्दांत नसते. समोरचा माणूस ‘आय केम ओव्हर फनी’ म्हणतो, आणि त्यात गमतीचे काही नसते. त्याला एकाएकी अस्वस्थ वाटलेले असते. मंडळाच्या मासिक सभेत वर्षातून एक तास या शब्दांसाठी, आणि एक तास आपल्या आज्यांच्या मराठीसाठी ठेवावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. दुसऱ्या तासासाठी व्याख्याते शोधण्याची घाई करावी लागेल. अशा आज्या आता थोड्या उरल्या आहेत.

सभासद-सूचीतला रकाना बदलावा, असे मात्र मी सुचविणार नाही. यंदाही त्यात १९८१ च लिहून तक्ता संपादकांकडे पाठविला आहे.

त्या मुलाचा पहिला केसपेपर माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर माझ्या अक्षरात असे लिहिलेले आहे : जुलाब दोन दिवस, उलट्या सकाळपासून. पूर्वीचा आजार — काही नाही.